करिंथकर, इफिसकर आणि आमचं छप्पर

पौलाने पत्रं कोणाकोणाला लिहिली, हे मराठी शास्त्र उघडलं की लगेच कळतं. करिंथकरांना, इफिसकरांना, फिलिप्पैकरांना, कलस्सैकरांना, थेस्सलनीकाकरांना. लहानपणी ही सगळी मला आमच्याच बाजूची मंडळी वाटायची. नगरकर, शेवगावकर, राहुरीकर, तसेच करिंथकर. एसटीने दोन तासांवर कुठेतरी करिंथ असणार, आणि स्टँडवर उतरलं की समोरच पौलाचं बिऱ्हाड. गलतीकरांविषयी तर माझी खात्रीच होती, की या घराण्याला गलती केल्याशिवाय चैन पडत नसणार. मोठेपणी ते पत्र नीट वाचलं, तेव्हा पौलाचंही मत फारसं वेगळं नसल्याचं दिसलं.

तो समज अजून पुरता गेलेला नाही. करिंथकरांची भांडणं वाचायला घ्यावीत, तर ती आमचीच निघतात. कोण कोणाच्या गटातला, भोजनाला इतरांच्या आधी कोण जेवून घेतो, सभेत सगळे एकदम का बोलतात. पौलाने एवढ्या लांबून आमच्या चर्चची कमिटी कशी पाहिली, ते काही उमगत नाही.

आमचं चर्च नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. (नगरचं आता अहिल्यानगर झालं. अब्रामाचा अब्राहाम आणि शौलाचा पौल बिनतक्रार मान्य केलेल्या आम्हाला हे जड जायला नको, पण तोंडात नगरच येतं.) अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले आणि मग जिल्हाभर त्यांनी शाळा आणि देवळं उभी केली. त्यातलंच हे एक. भिंती काळ्या दगडाच्या, छप्पर मंगलोरी कौलांचं, आणि घंटा अशी, की ती वाजली की पेठेतला चहावाला दुधाचं मोठं पातेलं चढवतो. मिशनरी गेले. जाताना भिंती ठेवून गेले, घंटा ठेवून गेले, छप्पर मात्र आमच्या विश्वासावर सोडून गेले.

आमच्यात प्रत्येकाला शास्त्रातली दोन नावं असतात. एक बाप्तिस्म्याचं, ते रेशनकार्डावर असतं. दुसरं मंडळीने ठेवलेलं. ते तोंडावर कोणी घेत नाही, पण ओळख त्यानेच पटते. आमचे खजिनदारकाका म्हणजे थोमा. बिलावरच्या शिक्क्यावर स्वतःचं बोट ठेवल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नाहीत. सगळ्यात ज्येष्ठ वडील मथुशलह. शास्त्रातला मथुशलह ९६९ वर्षं जगला. आमचे अजून नव्वदीतच आहेत, पण 'बासष्ट साली काय झालं' हे सांगायला लागले की उरलेल्या वर्षांचा अंदाज येतो. गायनमंडळाचे पुढारी उंचीने बेताचे, म्हणून जक्कय. मराठी शास्त्रातला जक्कय उंबरावर चढतो, हे पेटीच्या खोक्यावर चढतात.

आणि शेवटच्या बाकावरचा युतुख. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या २० व्या अध्यायात ही गोष्ट आहे. त्रोवस गावी माडीवर पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं. खिडकीत बसलेला युतुख नावाचा एक तरुण डुलक्या घेता घेता तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. लोकांनी उचलून पाहिलं, तर गेलेला. पौल खाली गेला, त्याला कवटाळलं, जीव आहे म्हणून सांगितलं, वर आला, भाकर खाल्ली आणि पहाटेपर्यंत पुन्हा बोलत बसला. प्रवचन लांबलं तर माणूस दगावू शकतो, याचा इतका सज्जड पुरावा शास्त्रात दुसरा नाही. पाळकवर्ग मात्र त्यातून एवढंच घेतो, की पुढे बोलत राहायला हरकत नसावी.

आमचा युतुख एमआयडीसीत रात्रपाळीला आहे. रविवारी सकाळी सातला सुटतो, घरी जाऊन आंघोळ करतो आणि नऊच्या उपासनेला साडेनऊला येतो. पहिल्या गीताला उभा असतो, दुसऱ्याला डुलतो, आणि पाळकसाहेब 'आजच्या वचनात तीन मुद्दे आहेत' म्हणतात तेव्हा तो पहिल्या मुद्द्याच्याही अलीकडे गेलेला असतो.

ख्रिस्ती माणसाने देवळातल्या गमती अशा चव्हाट्यावर मांडाव्यात का, असा प्रश्न कोणी विचारील. तो लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहून केव्हाच मिटवला आहे. टिळकांची पदं आम्ही दर रविवारी गातो, आणि गाताना लक्ष्मीबाईंनी त्यांच्याविषयी काय काय लिहून ठेवलंय ते आठवून मला हसू येतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नसावं, अशी माझी समजूत होती.

तर मुद्दा असा, की शास्त्रातल्या गोष्टी रोजच्या जगण्याला लावाव्यात, असं आम्हाला लहानपणापासून शिकवतात. आम्ही त्या लावतोही. फक्त दुसऱ्याला. दाखला हा आमच्याकडे नेहमी शेजाऱ्याच्या नावाने निघतो. प्रवचन चालू असताना बाकांवर नीट पाहिलं, तर कोपरं हलताना दिसतात. 'ऐकताय ना?' असा त्या कोपरांचा अर्थ असतो.

उधळ्या पुत्राचंच पाहा. आमच्या मंडळीत दोन सख्खे भाऊ आहेत, बांधावरून त्यांच्यात तीन वर्षं अबोला. एक उजव्या रांगेत बसतो, दुसरा डाव्या. पाळकसाहेबांनी लूकचा पंधरावा अध्याय काढला आणि मन लावून सांगितला. बापाने लांबूनच पाहिलं, धावत गेला, अंगठी घातली, पायांत जोडे घातले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. उपासना सुटल्यावर थोरला मला गाठून म्हणाला, "सलाम, गुरुजी. आज धाकट्याला चांगलंच ऐकवलं पाळकांनी. सगळं उधळलं त्याने." मी चपला शोधतोय तोवर धाकटा आला. "गुरुजी, आज आमच्या दादाला बरोबर धरला. घरात आनंद चाललाय आणि हा बाहेर तोंड फुगवून उभा!" गोष्ट एकच, दोघांनाही लागू, आणि दोघेही समाधानाने आपापल्या मोटारसायकलीवरून घरी गेले.

बुधवारच्या बायबल क्लासला हाच दाखला पुन्हा निघाला. तिथे एक निवृत्त तलाठी येतात. त्यांच्यापुढे दाखला काढणं म्हणजे फेरफाराला आमंत्रण. त्यांनी मुळातच शंका घेतली. बाप हयात असताना धाकट्याने वाटणी मागितली, बापाने दिली, त्याने ती विकून खाल्ली. इथपर्यंत व्यवहार पूर्ण झाला. आता तो परत आल्यावर त्याला अंगठी मिळाली, झगा मिळाला, जोडे मिळाले. ठीक. पण सातबाऱ्यावर नाव लागलं का? मग शेवटी बाप थोरल्याला म्हणतो, की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, तिथे बोट ठेवून ते म्हणाले, "बघा. नोंद करून ठेवलेली दिसतेय." पाळकसाहेबांनी दयेविषयी सांगायचा प्रयत्न केला. पण क्लासातल्या प्रत्येकाच्या घरी वाटणीचं काही ना काही चालू होतं, तेव्हा उरलेला तास हक्कसोडपत्रात गेला. थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेलंच नाही. आमच्या क्लासच्या मते तो वकिलाकडे गेला असावा.

चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तर पात्रं भरपूर. लुटलेला माणूस, बघून पलीकडून गेलेला याजक, तसाच गेलेला लेवी, थांबलेला शोमरोनी, उतारशाळेचा मालक आणि एक गाढव. मंडळीत शंभर माणसं बसलेली असतील, तर ही गोष्ट ऐकताना शंभरच्या शंभर शोमरोनी होतात. गाढव व्हायलाही कोणी तयार नसतो, वास्तविक सगळा भार त्याने वाहिलेला. पाळकसाहेब म्हणाले, "यरुशलेमहून यरीहोकडे जाणारा रस्ता म्हणजे आपला नगर-मनमाड रस्ता समजा." सगळ्यांच्या माना एकदम हलल्या, कारण त्या रस्त्यावर अर्धमेलं व्हायला लुटारू लागत नाहीत हे प्रत्येकाला पटलेलं आहे. आपल्या सरकारलाही हा शोमरोनी पटला. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं १३४-अ हे कलम आलं, आणि त्यात त्या माणसाला इंग्रजीत चक्क 'गुड समॅरिटन' म्हटलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्यावर कोणी खटला भरला नाही, हे त्याचं नशीब.

या गोष्टीवर अमेरिकेत एक प्रयोग झाला होता. डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातले ४० विद्यार्थी, म्हणजे उद्याचे पाळक. त्यांना शेजारच्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं. काहींना विषय दिला तो चांगल्या शोमरोन्याचाच. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला ठेवला होता. ज्यांना 'तुम्हाला उशीर झालाय' असं सांगितलं होतं, त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. ज्यांना निवांत सोडलं होतं, त्यांच्यापैकी ६३ टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने फारसा फरक पडला नाही. मी हा हिशेब आमच्या चर्चला लावून पाहिला. नऊला घंटा होते, आणि वेळेवर पोहोचणारे सगळे घाईत असतात. साडेनऊला येणारा तेवढा निवांत. मग रस्त्यात पडायची वेळ आलीच, तर साडेनऊच्या सुमाराला पडलेलं बरं.

आता छपराकडे येतो.

आमच्याकडे पाऊस मोजका. नोहाची गोष्ट आमच्या बाजूला महापुराची म्हणून कमी आणि चांगल्या पावसाळ्याची म्हणून जास्त ऐकली जाते. त्यामुळे छप्पर गळतं ही बातमी दर जूनमध्ये नवी असते आणि ऑक्टोबरात शिळी होते. पण यंदा मृगातच असा झोडपला, की तिसऱ्या बाकावर धार लागली. तिथे बसणाऱ्या दोन कुटुंबांनी चौथ्या बाकावर जागा मागितली. चौथ्या बाकाने ती दिली नाही. मग तिसऱ्या बाकावर एक बादली बसवली. ती बादली उपासनेला सगळ्यात नियमित.

त्या रविवारी नेमका दशांशाचा विषय होता. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात वचन आहे, की दशांश आणा म्हणजे देव आकाशकपाटं उघडून आशीर्वादाचा वर्षाव करील. पाळकसाहेबांनी हात उंचावून 'आकाशकपाटं' म्हटलं, आणि बादलीत टप्प झालं. पुन्हा म्हटलं, पुन्हा टप्प. जक्कयाला हसू आवरेना, त्याने पेटीच्या भात्यात तोंड घातलं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "कपाटं उघडीच आहेत, आता बंद करायचं बघा."

लगेच कमिटी बसली. छपरावर बोलायचं होतं, पण आमच्याकडे थेट विषयावर येणं उद्धटपणाचं समजतात; आधी शास्त्रातून वाट काढावी लागते. निवृत्त ओव्हरसियर नोहापासून निघाले. तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच. हात दीड फुटाचा धरा. म्हणजे लांबी साडेचारशे फूट, आणि आतून-बाहेरून डांबर. "वॉटरप्रूफिंग देवानेच सांगून ठेवलंय," असं म्हणत त्यांनी वहीत एक सुबक आकृती काढली. आम्ही सगळे वाकलो. ती तारवाची होती.

सेक्रेटरींनी नहेम्या काढला. यरुशलेमचा कोट ५२ दिवसांत उभा राहिला, कारण ज्याने त्याने आपल्या वाट्याचा तुकडा बांधला. सोनारांनी बांधला, अत्तरवाल्यांनी बांधला, एकाने तर आपल्या मुलींना घेऊन बांधला. फक्त तकोवकरांच्या सरदारांनी मान वाकवली नाही. तेव्हा दर कुटुंबाने दहा-दहा कौलं द्यावीत, असा ठराव सुचवला. सगळ्यांना तो पसंत पडला. मग तकोवकर कोण, याचा विचार करत सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नजरा जाऊन थांबल्या त्या आमच्यातल्या कंत्राटदारांवर. त्यांच्या नव्या बंगल्याचा दुसरा स्लॅब त्याच आठवड्यात पडला होता. ते म्हणाले, देवाचं काम घाईने होत नसतं, शलमोनाला मंदिर बांधायला सात वर्षं लागली.

कोपऱ्यात बसलेल्या आजी तोवर गप्प होत्या. त्यांची आई केडगावच्या मुक्तीसदनात वाढलेली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ मध्ये ते छापून पूर्ण झालं, आणि जुळणीपासून छपाईपर्यंतचं काम तिथल्या बायकांनीच केलं. साध्यासुध्या बाईलाही शास्त्र स्वतः वाचता यावं, हा रमाबाईंचा हेतू. त्याचे परिणाम आमची कमिटी आजपर्यंत भोगते आहे. आजींनी चष्मा वर सरकवला. "मंदिराला सात. आणि त्याच्या वाड्याला तेरा. पहिले राजे, सातव्या अध्यायाचं पहिलंच वचन. पान काढू का?" कंत्राटदारांनी पान काढू दिलं नाही, शंभर कौलं कबूल केली. कबूल केली, एवढंच.

शेवटी खजिनदारकाका बोलले. ते बराच वेळ मार्काच्या दुसऱ्या अध्यायावर बोट ठेवून बसले होते. कफर्णहूमला घरात एवढी गर्दी, की दारातूनही आत जाता येईना. चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेसकट वर चढवला, छप्पर उसकलं आणि त्याला येशूपुढे खाली सोडला. माणूस बरा झाला, बाज उचलून चालू लागला, लोकांनी देवाचा गौरव केला. "इथपर्यंत माझी हरकत नाही," काका म्हणाले. "पण छप्पर परत कोणी घातलं? खर्च कोणाच्या नावे पडला?" कोणाला सांगता येईना. काकांनी अभ्यास केलेला होता. मार्क छप्पर म्हणतो. लूक तर सरळ कौलांचंच नाव घेतो, म्हणजे आपलीच केस. मत्तयाने मात्र बरा झालेला माणूस दाखवलाय आणि छपराचं अक्षरही लिहिलेलं नाही. "मत्तय कोण? जकातदार!" काका म्हणाले आणि वही मिटली. घरमालकाचा विचार एकोणीसशे-दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच कोणी इतक्या कळकळीने केला असेल.

निधी उभारायचा ठरला. त्यासाठी पाळकसाहेबांनी गरीब विधवेची गोष्ट निवडली, आणि तिथे चूक झाली. श्रीमंत लोक भांडारात पुष्कळ टाकत होते, ती आली आणि तिने दोन टोल्या टाकल्या. टोली हे नाणं मी कधी पाहिलेलं नाही; मराठी शास्त्रातच ते टिकून आहे. पाळकसाहेबांनी इतकं हृदयस्पर्शी प्रवचन केलं, की मंडळीने त्याचा अर्थ तंतोतंत घेतला. अर्पणाची पिशवी फिरून आली तेव्हा खुळखुळत होती. काकांनी ती वेस्ट्रीत टेबलावर उपडी केली. नाणीच नाणी. कंत्राटदारांनी दोन टाकली होती, ती दहाची, म्हणजे त्यांच्या मते विधवेवर ताण. काका काही बोलले नाहीत. त्यांनी रकाने पाडून एक-दोन-पाच-दहा असे ढीग केले. "पुढच्या रविवारी विधवा नको," एवढंच ते पाळकसाहेबांना म्हणाले.

मग लिलाव ठेवला. एरवी हा हंगामाच्या सणाला होतो: लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणतात, त्याची बोली लागते, पैसा चर्चला. यंदा तो जुलैतच घेतला. एक गावरान कोंबडी, दोन डझन अंडी, कोथिंबिरीच्या जुड्या, हाताने विणलेला टेबलक्लॉथ आणि एक भोपळा. आमच्या लिलावात बोली जिंकणाऱ्याने वस्तू घरी नेली तर ते हलकं दिसतं. ती पुन्हा दान करायची असते. त्यामुळे तो भोपळा पाच वेळा विकला गेला आणि जागचा हलला नाही. बांधवाले दोघे भाऊ त्याच्यावर इरेला पडले. थोरला पाचशे म्हणाला की धाकटा सहाशे. बांधाने तोडलेली बोलचाल भोपळ्याने सुरू झाली म्हणायची. कागदावर रक्कम झकास दिसत होती. पण बोललेले पैसे आणि आलेले पैसे यांत मोठी दरी पडली, तेव्हा काकांनी सुचवलं, की एकदा हनन्या आणि सप्पीरेवर प्रवचन व्हावं. त्या जोडप्याने जमीन विकून आलेल्या पैशातले काही मागे ठेवले, खोटं बोलले, आणि पेत्रासमोर एकामागून एक कोसळून मेले. पाळकसाहेब विचारात पडले. म्हणाले, "काका, नेमकं त्याच दिवशी कोणी कोसळलं, तर आपण काय सांगणार?"

लिलावानंतर प्रीतिभोजन होतं. भोपळ्याची शेवटी भाजी झाली. पाच भाकरी आणि दोन माशांची गोष्ट आम्ही लहानपणी ज्वारीच्या भाकरीच डोळ्यांपुढे आणून ऐकली. पुढे योहानात वाचलं, की त्या जवाच्या होत्या, तेव्हा थोडा हिरमोड झाला होता. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई पिठाचे हात पुसत म्हणाल्या, "मत्तय लिहितो, बायका-मुलं सोडून पाच हजार. मोजताना बायका सोडल्या. पण उरलेल्या टोपल्या बारा, हे बरं नेमकं मोजलंय. ते पुरुषांचं काम नव्हे." त्यावर आम्ही पुरुषांनी मान खाली घालून दुसऱ्यांदा भात घेतला. आमच्याकडे बारा टोपल्या उरल्या नाहीत. स्टीलचे डबे मात्र पुष्कळ भरले, आणि ते कोणी आधीच धुऊन आणले होते, याची मी चौकशी केली नाही.

एवढं होऊनही अंदाजपत्रकाच्या निम्मे पैसे जमले. ऑगस्टात बघू, असं ठरलं. बादली बदलून मोठी आणली.

त्यानंतरच्या रविवारी मी लवकर पोहोचलो. बाहेर बारीक पाऊस लागलेला. सवयीने तिसऱ्या बाकाकडे पाहिलं, तर बादली नव्हती. वर पाहिलं. काळपट जुन्या कौलांच्या रांगांमध्ये एक मोठा चौकोन वेगळ्या रंगाचा दिसत होता. वॉचमनने सांगितलं, आदल्या दुपारी उघडीप मिळाली तेव्हा चार पोरं शिडी घेऊन आली होती. एक तो शेवटच्या बाकावर झोपणारा. दोघे तरुण संघातले. चौथा आपल्या मंडळीतला नव्हता, रात्रपाळीतलाच कोणीतरी, कपाळाला बुक्का लावलेला. पण कौलं बसवायला हात त्याचाच सगळ्यात बरा. अंधार पडेपर्यंत वर होते, मग पोरगा तसाच कामावर गेला.

खजिनदारकाका सुन्नच झाले. त्यांनी युतुखाला व्हरांड्यातच गाठलं. तो साडेनऊला, नेहमीच्या वेळेला आला होता.

"कौलं कुठली?"

"घरची, काका. घरकुल मंजूर झालं, स्लॅब पडला. जुनी उतरवून ठेवली होती."

"किती नग?"

"मोजले नाहीत."

"मजुरी?"

तो नुसताच हसला. मग जांभई देत आत गेला.

काका उपासनेला आलेच नाहीत. वेस्ट्रीत वही उघडून बसले होते. जमेच्या बाजूला लिहावं तर पावती हवी, पावतीवर किंमत हवी, किमतीला बिल हवं. मी खिडकीतून डोकावलो. त्यांनी बाहेर येऊन, मान वर करून, बोटांनी एकेक करत कौलं मोजली होती असं वाटतं, कारण वहीत ओळ होती: 'मंगलोरी कौलं, जुनी, १३८ नग, देणगी.' पुढच्या रकान्यात त्यांचं पेन बराच वेळ घुटमळलं. मग त्यांनी लिहिलं: 'पावती नाही.' चौतीस वर्षांच्या खजिनदारीत हे दोन शब्द त्यांनी कधी लिहिले नसतील. वाळूची पुडी असती तर शाई वाळवायला त्यांनी ती भुरभुरवली असती, इतकं हळुवार ते पानाकडे पाहत होते.

चौघांनी छपरावर चढण्याबद्दल पाळकसाहेब काहीतरी बोलतील, अशी माझी अपेक्षा होती. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशी त्यांनी याकोबाच्या मसुराच्या वरणावर प्रवचन केलं.

हे सगळं मी इतक्या बारकाईने कसं सांगतो, असं वाचकाला वाटलं असेल. मी पुढून दुसऱ्या बाकावर, कडेला बसतो. तिथून मान किंचित मागे वळवली, की अख्खी मंडळी नजरेत येते: कोण कोणाला कोपर मारतो, कोणी पिशवीत काय टाकलं, कोण झोपला. चाळीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मागे वळून बघितलेलं आहे, ती मानेची सवय. माझं हे निरीक्षण कोणाला जाणवत नाही, असं मी धरून चाललो होतो.

परवा संडेस्कूल सुटलं आणि एक पाच-सहा वर्षांची चिमुरडी धावत माझ्याकडे आली. तिने माझ्या मनगटावर बोट ओढलं आणि ते चाटून पाहिलं.

"आजोबा, तुम्ही मिठाचे कधी होणार?"

मला काही कळेना. तिच्या आईने तिला घाईघाईने ओढून नेलं. जाता जाता पोरगी मोठ्याने विचारत होती, "पण तूच तर म्हणालीस ना, ते लोटाची बायको आहेत म्हणून?"

घरी येऊन हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. "तुम्हाला आत्ता कळलं?" ती म्हणाली. "वीस-बावीस वर्षं झाली असतील की. आपण त्या बाकावर बसायला लागलो तेव्हापासून."

गेल्या रविवारी मी खांबासारखा बसलो. म्हणजे, ताठ बसलो. नजर वेदीवर. मागे खोकला झाला, पाहिलं नाही. कोणीतरी उशिरा आलं, पाहिलं नाही. कोणाचा तरी मोबाईल भक्तिगीत सोडून भलतंच काही वाजला, तेव्हा मानेच्या शिरा दुखल्या, पण पाहिलं नाही. पाळकसाहेब दुसऱ्या मुद्द्याच्या शेवटाला आले आणि मागे, अगदी मागे, धप्प असा आवाज झाला. जड काहीतरी बाकावरून खाली आल्याचा. सगळी मंडळी गर्रकन वळली. जक्कय खोक्यावर चढला. मी समोर.

"काय झालं गं?" मी ओठ न हलवता विचारलं.

"वळून बघा की," ही म्हणाली. "मी नाही कोणाला सांगत."

मी मान वळवली नाही. चष्मा काढला, रुमालाने सावकाश पुसला आणि उजेडाकडे तिरपा धरला. काचेत मागचा भाग छोटा छोटा दिसत होता. तो दोन बाकांच्या मधल्या फरशीवर आडवा, पडला तसाच झोपलेला. आणि खजिनदारकाका गुडघ्यावर बसून आपल्या कोटाची घडी त्याच्या डोक्याखाली सरकवत होते.

पाळकसाहेबांनी क्षणभर तिकडे पाहिलं, पान उलटलं आणि म्हणाले, "तिसरा मुद्दा."